गोठ्यातला समुद्र

नातीच्या समुद्रात मी मूठभर चुनखडी कालवली. तिला न विचारता. ती जेवायला घरात गेली तेवढ्यात साधून, आणि वर दोन्ही हात जोडून. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी फार शहाणी होते. सहासष्ट वर्षांची पोर म्हटल्यावर असायचंच. केस नुकते कुठं पुरते पिकलेले, गुडघे नुकते कुठं वाजायला लागलेले, आणि डोक्यात विशीतलं वारं. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईकडं वळून बघते आणि वाटतं, हिला घरच्यांनी मोकळं कसं सोडलं होतं?

समुद्र मातीचा होता, हे आधी सांगायला पाहिजे. खरा समुद्र आमच्या इथं कुठला? येरमाळ्याच्या अलीकडं, हायवे सोडून थोडं आत गेलं की आमचं गाव. पाणी बघायचं म्हटलं तर पाझर तलाव, आणि तो होळीपर्यंत टिकला तर लोक त्याचं कौतुक करतात. अशा ठिकाणी माझ्या लेकाच्या लेकीनं समुद्र करायला घेतला, आणि तो कुठं, तर गोठ्यात.

ही नात पुण्याला कलेच्या कॉलेजात होती. माती मळायची, आकार द्यायचा, भाजायचं, लेप चढवायचा, असलं शिक्षण. सिरॅमिक म्हणतात त्याला. लेक गावात सांगायचा, "पोरगी डिझायनिंग करती." एकदा शेजारच्या म्हातारबानं सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे कुंभारकीच की!" तेव्हापासून लेक त्यांच्या ओट्यावर बसायला गेला नाही.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं स्वतःचं मोठं काम करून प्रदर्शनात मांडायचं होतं. त्यातून एकाला किंवा एकीला वर्षभर कोकणात, समुद्राकाठच्या एका मातीकामाच्या कार्यशाळेत राहून काम करायला मिळणार होतं. नातीला तेच पाहिजे होतं. तिनं ते फक्त मला सांगितलं होतं, बापाला नाही.

"न्हाई मिळालं तर?" मी विचारलं.

"मग बाबा म्हणतील ते. कळंबच्या शाळेत चित्रकलेच्या बाई."

"वाईट हाय का ते?"

"वाईट न्हाई आज्जी. पण मी समुद्राचं काम करायचं म्हणते, अन् एकदा बी त्याच्या काठाला ऱ्हायलेली न्हाई. फोनमधी बघून बघून किती करायचं?"

कॉलेजातल्या भट्टीला पोरांची रांग, आणि हिला आपल्या तळ्यातलाच गाळ पाहिजे. म्हणून ती घरी आली. ट्रॅक्टर आल्यापासून बैल गेले होते, गोठ्यात एकटी म्हैस. तिला बाहेर पत्र्याखाली हलवलं. नातीनं पत्र्याचं मोठं पिंप आणून आतून विटा लावल्या, गॅसची नळी जोडली आणि भट्टी तयार केली. म्हैस रोज दारातून मान आत घालून बघायची. माझ्या जागी ह्या काय करायल्यात, असा तिचा चेहरा.

पहिल्याच दिवशी नातीनं मला फोनवर एक चित्र दाखवलं. पाण्याखालची बाग. लाल, पिवळी, जांभळी झुडपं, त्यातून मासे फिरतायत. मग तिनं बोट सरकवलं. तीच बाग, पण सगळी पांढरी. पीठ सांडल्यासारखी.

"हे काय झालं? कुणी चुना मारला?"

"हे प्रवाळ, आज्जी. पोवळं म्हणतीस ना तू, त्याची भावकी. झाड न्हाई, जीव हाय तो. बारीक बारीक जीव एकावर एक घर बांधत जातात, चुन्याचं. त्यांच्या अंगात रंगीत जीव ऱ्हायाला असतात. पाणी लई तापलं की ते निघून जातात अन् नुसतं पांढरं हाड दिसतं."

"मग मेलं का ते?"

"लगीच न्हाई. पाणी लवकर गार झालं तर जगतंय."

"अन् न्हाई झालं तर?"

तिनं माझ्या गळ्यातलं पोवळं बोटावर धरलं. "हे बी त्यातलंच. किती वर्षं झाली, समुद्राचं हाड घालून फिरतीस तू."

मी गळ्याला हात लावला आणि मला एकदम हसू फुटलं. कारण मला आमच्या लग्नानंतरची ती नवरी आठवली, म्हणजे मीच. तिला वाटायचं, पोवळं हे झाडाचं बी असतं, गुंजेसारखं. एकदा माळेतलं एक पोवळं निसटलं, तर त्या गुणी बाईनं ते परसात पुरलं आणि सासूची नजर चुकवून रोज तांब्याभर पाणी घातलं. सासूबाईंनी शेवटी विचारलंच, "काय पेरलंय गं?" ही लाजत म्हणाली, "पोवळं." सासूबाई आत गेल्या, आणि आतून आवाज आला तो हसण्याचा होता की खोकल्याचा, ते मला अजून कळलेलं नाही. पुढं कितीतरी वर्षं घरात नवं काही पेरलं की त्या म्हणायच्या, "पोवळ्यागत उगवू नको म्हणावं."

हे ऐकून नात मातीच्या हातानं पोट धरून हसली. तिच्या झग्यावर दोन पंजे उमटले.

तर तिला अशी पांढरी बाग करायची होती. खाली लाल मातीचा रंग, वर शेंड्याला पांढऱ्या मातीचा लेप. पापडासारख्या पातळ पाकळ्या, बोटभर जाडीच्या फांद्या, जाळ्या, गड्डे. बघणाऱ्यानं जवळून जाताना पदर सावरला पाहिजे, इतकं नाजूक. "धक्का लागंल अशी भीती वाटली पायजे आज्जी," ती म्हणायची, "तवा लोक हळू चालतील."

भीतीचं मला माहीत नाही, पण पापडाचं माहीत होतं. मी लाटणं घेतलं. मळलेली माती लाटून पातळ केली, कडेला करंजीसारखी मुरड घातली. नात बघतच राहिली. त्यावरून मला चेव चढला. घरात जाऊन मी सुनेचा पितळी सोऱ्या आणला, कुरडयांचा. त्यात माती भरली, वरून दाबला, आणि गोल गोल फिरवत एक कुरडई खाली सोडली. काय सांगू! फोनमधलं पोवळं जसंच्या तसं! दोघी नाचायलाच लागलो. मी सोऱ्या दाबतेय, ती फळी फिरवतेय, कुरडईवर कुरडई, कुरडईवर कुरडई, आणि म्हैस बाहेरून ओरडतेय.

सून धावत आली. "आत्याबाई! माझ्या सोऱ्यात चिखल?"

"चिखल न्हाई गं. समुद्र हाय."

"मग ह्या साली कुरडया समुद्रावरच तळा," ती म्हणाली आणि गेली. पण दुपारी तीच येऊन बसली, आणि तिच्या कुरडया माझ्यापेक्षा सुबक पडायला लागल्या. मला ते आवडलं नाही.

पहिली भट्टी लावली ती बिघडली. माती पुरती वाळली नव्हती. आतून फुटल्याचे आवाज आले, आणि दुसऱ्या दिवशी पिंप उघडलं तर निम्म्या फांद्यांचा चुरा. नात गव्हाणीत जाऊन बसली. लहानपणी रुसली की तिथंच बसायची, तेव्हा आख्खी मावायची, आता पाय बाहेर. मी शेजारी बसले. ती रडत नव्हती, नुसती त्या चुऱ्याकडं बघत होती. तिच्या हातात दिवस थोडेच उरले होते.

मधेच चैत्री पौर्णिमा आली. येरमाळ्याच्या आईची यात्रा. आमच्या भागात ती चुकवायची पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून खाली आमराईकडं जाते, आणि वाटेतल्या रानात माणसांचा पूर लोटतो. त्या रानात चुनखडीचे पांढरे खडे असतात. बाया, गडी, पोरं, सगळे वाकून खडे वेचतात आणि ढिगावर नेऊन टाकतात. देवीच्या देवळाला चुना व्हावा म्हणून. मी कळायला लागल्यापासून वेचत आलेय. उन्हात वाकलेल्या हजार पाठी, "आई राजा उदो उदो"चा गजर, आणि पायाखाली ते खडे. खडा बोटात धरला की मला अजूनही अंगातून शिरशिरी येते.

त्या दिवशी वेचता वेचता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असले प्रकाश माझ्या डोक्यात पडतात तेव्हा घरच्यांनी बादल्या भरून ठेवाव्यात. नात काय म्हणाली होती? पोवळं म्हणजे चुनाच. आणि हे काय आहे? चुनाच. तो समुद्राचा, हा आईचा. आईचा चुना मातीत असल्यावर कुठली भट्टी तिला फोडेल? मी ढिगावर टाकायचे तेवढे खडे टाकले, आणि मूठभर कनवटीला लावले. देवीच्या डोळ्यांदेखत. ती काही बोलली नाही, म्हणून मी तिची संमती धरली.

घरी येऊन खलबत्त्यात कुटले. नीट वस्त्रगाळ केले असते तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं, असं मला नंतर कळलं. पण त्या सहासष्टीतल्या बाईला घाई फार. थोडे खसखशीएवढे झाले, थोडे ज्वारीएवढेच राहिले, आणि हात दुखला म्हणून तिनं खल बाजूला ठेवला. नात जेवायला गेली होती. तिनं भिजवून ठेवलेल्या मातीच्या गोळ्यात मी ते सगळं कालवलं, वरून हात फिरवला, आणि मुरमुरे खात ओट्यावर येऊन बसले. तोंडावर असं तेज, की सून म्हणाली, "यात्रा मानवली बघा तुमाला."

त्या मातीच्या फांद्या भाजून भट्टी उघडली तेव्हा एकही तुकडा फुटलेला नव्हता.

एकही नाही! पांढऱ्या शेंड्यांची आख्खी बाग, जाळ्या, पाकळ्या, कुरडया. बोटानं टिचकी मारली की कणकण वाजायचं. नात किंचाळली, मला उचलून तिनं एक गिरकी घेतली, माझी चप्पल म्हशीच्या अंगावर. लेक कधी नाही ते गोठ्यात आला, हात मागं बांधून दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "हे आपल्या तळ्याच्या गाळाचं हाय?" त्या दिवशी पुरणपोळी झाली. मी देवीला मनातल्या मनात डोळा मारला.

दोन-तीन दिवस गेले. दुपारची वेळ, मी गोठ्यात सुपारी कातरत बसलेली, आणि आवाज आला. टक्.

पाल चुकचुकली म्हणून मी जमिनीवर बोट टेकवलं. पुन्हा टक्. आणि एका फांदीवरून नखाएवढी खपली उडून माझ्या पुढ्यात पडली. फांदीवर लाल खड्डा, आणि खड्ड्याच्या बुडाशी पांढरा ठिपका. माझ्याकडं बघत असल्यासारखा.

संध्याकाळपर्यंत गोठ्यात तव्यावर लाह्या फुटाव्यात तसं चाललं होतं. कधी बराच वेळ काही नाही, मग इकडून एक टक्, तिकडून दोन. समुद्राला गोवर उठला. आधी मांजराला हाकललं, मग शेजाऱ्यांच्या शेळीवर आळ घेतला. सून मीठमिरच्या घेऊन दृष्ट काढायला आली, ती काढता काढताच तिच्या समोर एक खपली उडाली, तेव्हा तिनं मिरच्या तिथंच टाकल्या.

नातीनं पुण्याला तिच्या सरांना फोन लावून खड्डे दाखवले. सर लगेच म्हणाले, "मातीत चुना गेलाय कुठून तरी. भट्टीत तो भाजला जातो, मग हवेतलं पाणी पिऊन हळूहळू फुगतो, आणि वरची माती उडवून लावतो."

नातीनं फोन ठेवला. सगळ्यांच्या तोंडावरून तिची नजर फिरली आणि बापावर थांबली. बापाच्या डाव्या तळहातावर तंबाखू होती, आणि उजव्या हातात चुन्याची डबी.

"बाबा!"

"म्या?" लेक म्हणाला. "अगं म्या तर लांबूनच..."

"गोठ्यात मळत हुता तुमी! म्या बघितलंय!"

"एकदा! त्येबी खिडकीपाशी!"

आता इथं मी तोंड उघडायला पाहिजे होतं. उघडलं नाही. सुपारी चावत राहिले. लेकानं बायकोकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, त्या फुटणाऱ्या फांद्यांकडं बघितलं, आणि डबी उचलून मोरीत फेकली. "ह्या क्षणापासून बंद," म्हणाला.

रात्री सून माझ्या कानाशी आली. "आत्याबाई, समुद्र फुटला ते फुटला, पण बघा, ह्यांची तंबाखू सुटली. आईचीच किरपा."

मी म्हटलं, व्हय बाई. आणि मला मनापासून तसं वाटायलाही लागलं! म्हणजे बघा, चोरी केली, समुद्र फोडला, लेकावर आळ आणला, आणि वर देवीनं माझ्या हातून गावाचं भलं केलं म्हणून मी पांघरूण घेऊन समाधानानं झोपले. ही ती बाई.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो, तर नात बापाशी बोलेना. बाप बडीशेप चघळत भिंतीकडं बघतोय. पुण्याला काम घेऊन जायचं ते त्याच्याच पिकअपमधून. आणि तो हळूच म्हणाला, "पोरी, म्या तुझं वाटोळं केलं का गं?" पंचेचाळिशीचा गडी, पण आवाज दुसरीतल्या पोराचा. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"त्यानं न्हाई," मी म्हटलं. "म्या केलं. येरमाळ्याचे खडे व्हते. मातीत कालवले. टिकावं म्हणून."

सगळे थांबले. म्हशीनंसुद्धा रवंथ थांबवलं असावं.

"आई!" लेक ओरडला. "अगं कालपासनं माझ्या तोंडाला चव न्हाई! डोकं ठणकायलंय!" आणि तो ताटावरून उठला, हात न धुता, थेट पानपट्टीकडं. तंबाखू सुटली नाही, ते जाऊ द्या.

नात मात्र उठून गोठ्यात गेली. थोड्या वेळानं मी मागून गेले. ती गव्हाणीच्या काठावर बसली होती.

"आज्जी," ती म्हणाली, "तू देवीला विचारलंस. मला न्हाई विचारलंस."

मी पदराला हात पुसत राहिले.

"माती माझी हुती. तुला माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून टाकलास ना चुना?"

मला वाटत होतं, मी देवीवर भरवसा टाकला. तो टाकताना कुणावरचा काढून घेतला, हे मी बघितलंच नव्हतं. मी म्हटलं, "व्हय." एवढंच. तेवढ्यात टक् झालं, आणि एक खपली उडून नेमकी माझ्या अंबाड्यात जाऊन बसली. नातीनं बघितलं. ओठ घट्ट दाबले. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, म्हणून मी जवळ गेले, तर बया हसत होती. मग मीही सुटले. दोघी गव्हाणीला धरून हसतोय आणि समुद्र टक्, टक्, जसा काही टाळ्याच वाजवतोय.

हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि पुन्हा सरांना फोन लावला. सर म्हणाले, भरपूर पाण्यात बुडवून ठेव, जे फुटायचं ते फुटेल, बाकीचं कदाचित शांत होईल. एवढं पाणी कुठं? तर गुरांच्या हाळात. आम्ही तिघींनी एक एक फांदी नेऊन हाळात ठेवली. पाण्याखाली ती बाग अशी काही दिसायला लागली, की सून सोऱ्याचं दुःख विसरून काठावर बसून राहिली. तेवढ्यात म्हैस आली, तिनं मान घातली आणि सुर्र करून प्यायला सुरुवात केली. अगस्ती ऋषी समुद्र प्यायले म्हणतात. आमच्याकडं तो म्हैस प्यायली, आणि वर तिनं ढेकर दिली.

बऱ्याच फांद्या वाचल्या, खड्ड्यांसकट. ज्या गेल्या त्यांच्या जागी नातीनं नव्या केल्या. मला सोऱ्या दाबायची परवानगी मिळाली, पण कामाला बसण्याआधी ती दारात उभी राहायची. "हात दाखीव. आता कनवटी झाड." मी झाडायची. एकदा मुद्दाम दोन मुरमुरे लावून ठेवले होते. तिला झीट यायची राहिली.

उडालेल्या खपल्या तिनं टाकल्या नाहीत. सगळं सोयाबीनच्या भुसकटात बांधून पिकअपमधून पुण्याला नेलं, आणि प्रदर्शनात प्रत्येक फांदीच्या बुडाशी तिच्या तिच्या खपल्या ठेवल्या. मीही गेले होते, नवं लुगडं नेसून. परीक्षक बाई आल्या. पांढरे केस पोरासारखे कापलेले, गळ्यात चष्मा. वाकून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हे खड्डे मुद्दाम पाडलेस?"

मी नातीला कोपर मारलं. "व्हय म्हण."

"नाही मॅडम," नात म्हणाली. "माझ्या आजीनं मातीत चुना टाकला होता. मला न सांगता. ती चूक आहे. पण फुटलेलं लपवावं असं मला वाटलं नाही."

बाई माझ्याकडं वळल्या. "का टाकलात हो?"

"टिकावा म्हणून."

"आणि?"

"अन् फुटाया लागला."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अजून फुटतो?"

"मनात आलं तर."

त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. मागची पोरं गोळा झाली. मी मनात आईचा धावा केला, म्हटलं एवढा एक खडा उडव. काही नाही. कुणाचा तरी फोन वाजला, त्याला सगळ्यांनी गप्प केलं. तरी काही नाही. हाळातल्या पाण्यानं आमचा समुद्र असा काही निवला होता, की साधी चुळबुळ करेना. बाई शेवटी उठल्या, दारापर्यंत गेल्या, उंबऱ्यावर पाऊल ठेवलं, आणि टक्!

त्या पोरीसारख्या धावत परत आल्या. जमिनीवरची खपली उचलली, तळहातावर घेतली. "ही मी ठेवू?"

"नको मॅडम," नात म्हणाली. "तिथंच राहू द्या. ज्याचं त्याच्या बुडाशी."

मला वाटलं, झालं, गेलं कोकण. परीक्षकाला कुणी नाही म्हणतं का? पण बाईंनी ती खपली वाकून नीट जागेवर ठेवली. निघताना लोक हळू चालत होते, हे मी बघितलं.

पुढं फोन आला. लेक म्हणाला, "कोकणात? वरीसभर? एकटी?" आणि मग तोच पिकअप धुवायला गेला. पोरीला पोचवायला आम्ही सगळे निघालो, म्हैस सोडून.

आणि मी समुद्र बघितला. त्याचं वर्णन मी करणार नाही, लोकांनी फार केलंय. एवढंच सांगते, की त्यानं माझी एक चप्पल नेली, मी त्याला शिवी दिली, तर त्यानं ती परत आणून टाकली. मी गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून पाण्यात उड्या मारल्या. लेक काठावरून ओरडत होता, "आई, तोल जाईल!" जाऊ दे की. सुनेनं वाळूत बोटानं कुरडई काढली.

मग पायाशी एक पांढरा तुकडा आला. खरखरीत, भोकाभोकाचा. हाताला घेतला आणि अंगातून तीच शिरशिरी गेली, यात्रेतल्या उन्हातली. चुनाच तो. शेजारी आणखी एक. मी वाकले. वेचायला लागले, जशी जन्मभर वेचत आले. डोक्यात पुन्हा लख्ख प्रकाश. पुढल्या चैत्रात हे येरमाळ्याच्या ढिगावर टाकायचे, आईला समुद्राचा चुना! इकडं तिकडं बघितलं. लेक चप्पल सुकवतोय, सून वाळूत. चार-सहा तुकडे मी हळूच कमरेला खोचले आणि तोंड समुद्राकडं करून, काही झालंच नाही अशी, लाटा बघत उभी राहिले.

मागून नात आली. माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून तिनंही थोडा वेळ लाटा बघितल्या. मग माझ्या कानात म्हणाली,

"आज्जी, कनवटी झाड. त्याचं हाय ते त्याच्या बुडाशीच ऱ्हाऊ दे."